डाव्या शेपटीची गाठ

मनालीनं पाठवलेला फोटो सारिकानं पहिल्यांदा पाहिला तो चारचौघांत, सगळे पाहतात तसाच. परदेशातलं हिरवंगार मैदान, मागे बर्फाचे डोंगर, पुढे निळा तंबू आणि तंबूच्या दारात मनाली, तिचा नवरा धम्मरत्न आणि त्यांची लहानगी छकुली. "वा, किती छान," असंही ती म्हणाली. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा घरात कोणी नव्हतं. मग तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि त्यात कुठं काही खोट सापडते का ते शोधायला लागली.

छकुलीचं नाक वाहत होतं. बाकी काही सापडेना.

सारिका मेहकरच्या घरातली मोठी सून. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत शिलाई मशीन. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. नवरा अश्वजित खता-बियाण्यांच्या दुकानात कामाला. धाकटा दीर धम्मरत्न पुण्याला कंपनीत, त्याची बायको मनालीही नोकरीवाली. जावा-जावांचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, मोकळं तरी होता आलं असतं. मनाली गोड बोलायची, येताना सारिकासाठी आठवणीनं साडी आणायची, आणि ती साडी सारिकानं स्वतः घेतली असती त्यापेक्षा नेहमी चांगली निघायची. सासूबाईंना सारिका घरच्या पद्धतीप्रमाणे 'मामी' म्हणायची. मनाली पहिल्या दिवसापासून सरळ 'आई' म्हणत आली. चौदा वर्षं 'मामी' म्हटल्यावर आता मध्येच 'आई' म्हणायला सारिकाची जीभ वळत नव्हती, आणि हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

तर ती फोटोतल्या तंबूवरून बोटं फिरवत फिरवत खाली आली. तंबूची दोरी एका खुंटीला बांधलेली होती. सारिकानं तिथंच फोटो आणखी मोठा केला आणि तिचा हात थांबला.

ती गाठ त्यांच्या घरची होती.

तिचे सासरे पुंजाजी मेहकरच्या बाजार समितीत हमाल होते. पोत्यांची थप्पी आवळायची त्यांची एक गाठ होती: कितीही ताण पडला तरी हलायची नाही, पण उजवीकडे सोडलेली शेपटी ओढली की एका झटक्यात सुटायची. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळं घर नागपूरला जायचं. ताडपत्री, सतरंजी, स्टोव्ह, तीन दिवसांच्या भाकरी आणि चटणी, सगळं एका वळकटीत, आणि वळकटीला हीच गाठ. तिथं झाडाला दोरी बांधायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची आणि लाखो माणसांत आपलं तीन दिवसांचं घर मांडायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी केसरबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सारिकाला शेजारी बसवून ती गाठ शिकवली होती. शिकायला तिला आठवडा लागला. पुंजाजी गेल्यावर ती गाठ घरात दोघींनाच येत होती. मनालीकडं गाडी होती, फ्लॅट होता, 'आई' म्हणण्याची हिंमत होती. पण गाठ सारिकाची होती.

ती उठली आणि थेट अंगणात गेली. केसरबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"मामी, मनालीले वळकटीची गाठ कोणं शिकवली?"

"म्या शिकवली. मे महिन्यात. फोनवर."

"फोनवर?"

"तिनं तिकडून फोन केला ना, तोंड दिसते तसा. मी इकडं दोरी धरली, तिनं तिकडं धरली. हुशार हाय पोरगी, दोन खेपेत जमली तिले."

दोन खेपेत. सारिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मले सांगतलं नाई तुम्ही."

"त्यात काय सांगा लागते? गाठ हाय, सोन्याचा हार थोडाच दिला."

सारिका आत आली आणि पुन्हा फोटो पाहिला. आता मात्र तिला खोट सापडली. गाठीची शेपटी डावीकडे होती. उजवीकडे हवी. म्हणजे उलटी बांधली होती! तिला इतका आनंद झाला की तिनं तो फोटो जपून वेगळा ठेवला, लेकरू रंगीत गोटी जपून ठेवतं तसा. कधीतरी, सगळ्यांसमोर, ही गोटी बाहेर काढायची.

संध्याकाळी जेवताना तिनं जाहीर केलं, "दिवाळीच्या सुट्टीत आपण परदेशात जाऊन राह्यलो. तंबू घेऊन."

अश्वजितचा घास हातातच राहिला. "कोणत्या परदेशात?"

"नेपाळ."

"आन् गाडी?"

"गाडी नाई."

"इमान?"

"इमान नाई."

"मंग काय पायी जाता?"

"एसटीनं, रेल्वेनं, आन् थोडंसं पायी. हाव."

आठ वर्षांचा नागसेन आनंदानं ताटावरून उठूनच नाचला. तेरा वर्षांची करिष्मा मात्र आईकडं बारीक डोळे करून पाहत म्हणाली, "काकूचा फोटो पाह्यला वाटते तू."

"जेव गुमान."

खरं सांगायचं तर मनालीनं फोटो महाबळेश्वरचा पाठवला असता, तर सारिकानं माथेरान काढलं असतं. पण माणूस कशानं का होईना, एकदा कामाला लागला की काम त्याला शिकवत जातं. सारिका शिकली. रोज दुपारी मशीन बंद करून ती आणि करिष्मा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढत बसायच्या. मेहकरहून मलकापूर एसटीनं. मलकापूरहून भुसावळ. भुसावळहून गोरखपूरची गाडी, एक रात्र आणि वर एक दिवस. गोरखपूरहून सोनौलीची बस. सोनौलीला मात्र उतरायचं आणि वळकट्या उचलून सरहद्दीच्या कमानीखालून चालत दुसऱ्या देशात जायचं.

"चालत?" नागसेनला पटेना. "परदेश चालत लागते?"

"काऊन? जमीन तर एकच हाय," करिष्मा म्हणाली.

पलीकडे पुन्हा बस. आधी लुंबिनी, तिथल्या एखाद्या विहारात विचारून आवारात ताडपत्री टाकायची. मग पोखऱ्याचा तलाव; तिथं तंबू लावायला जागा देतात, हे करिष्मानं शोधून काढलं. मोठ्यांना मतदान ओळखपत्र लागतं, हेही तिनंच सांगितलं. तंबू विकत घ्यायचा नाही असं सारिकानं ठरवलं. कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवर टाकतात ती ताडपत्री अश्वजितच्या दुकानातून आली आणि सारिकानं तिला मशीनवर दोन बाजूंनी पडदे शिवले. बांबू रेल्वेत न्यायचे कसे, हा प्रश्न दोन दिवस घरात फिरत होता. तिसऱ्या दिवशी पडवीत मेथी निवडत बसलेल्या केसरबाई म्हणाल्या, "बांबू कायले पायजेत? दोन झाडं पाहा आन् दोरी बांधा. नागपूरले काय बांबू नेत होतो आपण?"

हे ऐकून सारिका त्यांच्याजवळ जाऊन बसली. किती दिवस मनात असलेलं बोलायची हीच वेळ होती.

"मामी, तुम्हीबी चाला. लुंबिनी पाह्यची हाय ना तुम्हाले?"

केसरबाईंनी निवडलेली मेथी न निवडलेल्या मेथीत टाकली. मग त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्या पुन्हा वेगळी करू लागल्या. लुंबिनी. पुंजाजी असतानाही दोघं दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की.

"मनालीनं मले म्हटलं हाय वं," त्या हळूच म्हणाल्या. "विमानानं नेते म्हणे. लुंबिनीलेच. दिवाळीतच."

"कवा म्हटलं?"

"त्याच फोनवर."

गाठही त्याच फोनवर आणि लुंबिनीही त्याच फोनवर. "मंग कोणासंगं जाता तुम्ही?"

"पंधरा ऑगस्टले ते लोकं येतात. तवा सांगीन."

त्या दिवसापासून नेपाळ, तलाव, बर्फाचे डोंगर सगळं मागं पडलं. सारिकाच्या मनात एकच गोष्ट उरली: गोरखपूरच्या गाडीत खालच्या बर्थवर मामी बसलेल्या असतील की नसतील.

केसरबाईंनी मात्र एक अट घातली, सगळ्यांसाठी. पुंजाजींचा नियमच होता तो. नागपूरला निघायच्या आधी प्रत्येकानं आपली वळकटी घेऊन एसटी स्टँडपासून घरापर्यंत चालत यायचं. वाटेत जे जड वाटेल ते घरी राहील. ज्याचं ओझं त्यानंच उचलायचं. दुसऱ्याला द्यायचं नाही.

एका रविवारी सकाळी ही वरात निघाली. पुढे नागसेन, पाठीवर शाळेचं दप्तर रिकामं करून भरलेलं. मागे करिष्मा, मग घामाघूम अश्वजित. त्याच्या मागे सारिका, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर लहानशी वळकटी घेऊन, हात सोडून, आरामात चालणाऱ्या केसरबाई. अजून काही ठरलं नसलं तरी चालून पाहायला काय जातं, म्हणून त्याही आल्या होत्या.

चौकातल्या गीताबाईंनी भाजीची टोपली तशीच सोडून विचारलं, "काऊन वं सारिका, घर सोडून चालल्या का?"

"नाई, नेपाळले चाललो."

"हे मेहकरच्या स्टँडवरून?"

"सराव हाय बाई, सराव!" अश्वजित दम खात म्हणाला. "नेपाळ अजून लय दूर हाय. मी तर इथंच राह्यतो आता."

सारिकाला हसू आलं नाही, कारण तिचा खांदा तुटत होता. तिनं वळकटीत मोठा कुकर घातला होता. घातला कशाला? तर मनालीच्या फोटोत तंबूपुढं छोटासा गॅस आणि छोटंसं भांडं होतं, म्हणून. आपण तलावाकाठी पाच माणसांचा मसालेभात लावू आणि फोटो काढू, असं तिच्या मनात होतं. दवाखान्याच्या कोपऱ्यावर तिनं एकदा वळकटी खाली ठेवली. पुढे पिंपळाखाली दुसऱ्यांदा ठेवली.

केसरबाई शेजारी येऊन थांबल्या. वळकटीवर बोटानं टकटक केलं. आत कुकर वाजला.

"हे कोणासाठी घेतलं वं?"

सारिका वळकटीची दोरी नीट करायला लागली.

"खायासाठी तर नाई दिसत," केसरबाई म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

घरी आल्यावर सारिकानं कुकर फळीवर परत ठेवला.

चौदा तारखेला दुपारी मनालीची पांढरी गाडी गल्लीत शिरली. गाडी आली म्हणजे गल्लीतली सगळी पोरं आली. नागसेन तर काका-काकूला जय भीम करायच्या आधी गाडीत जाऊन बसला. मनालीनं उतरताच केसरबाईंचे पाय धरले, सारिकाला मिठी मारली आणि भिंतीवर टाचणीनं लावलेला कॅलेंडरचा नकाशा पाहून ओरडलीच.

"ताई! हे सगळं तुम्ही केलं? कसलं भारी आहे हे! धम्मा, बघ ना!" मग तिचे डोळे चमकले. "ऐका, आम्हीपण येतो. आपली गाडीच काढू ना. सात-आठ जण बसतो आपण. कशाला ते रेल्वेचे हाल?"

"हाव! गाडी! गाडी!" बाहेरून नागसेन ओरडला.

अश्वजितच्या चेहऱ्यावरही गाडीचा मोह उमटलेला सारिकानं पाहिला. महिनाभर तिनं मांडलेली एसटी, भुसावळ, सोनौलीची कमान, सगळं त्या एका वाक्यानं मनालीचं झालं होतं. आता फोटो निघतील, त्यात पांढरी गाडी असेल आणि लोक म्हणतील, धाकटीनं नेलं सगळ्यांना.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत वळली. पण दारातच थांबली, कारण मनाली आता केसरबाईंजवळ बसून फोनमध्ये काहीतरी दाखवत होती.

"नाहीतर आई, तुम्ही विमानानं चला. तुम्हाला कशाला त्रास? ही बघा, खिडकीजवळची जागा."

केसरबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "बरी हाय. आन् वळकटी कुठी ठेवतात?"

"सामान ते लोक घेतात आई. आपल्याला काहीच उचलावं लागत नाही. उतरल्यावर परत देतात."

"मंग हातात काय राह्यते?"

"काही नाही. आराम."

केसरबाईंनी चष्मा काढून मिटला. "माय, तू मनापासून म्हणून राह्यली, मले समजते. पण लुंबिनीले मी रिकाम्या हातानं नाई जाणार. तुह्या सासऱ्यासंगं तीस वर्षं गेली मी नागपूरले, ते वळकटीवर बसून गेली. रेल्वेत जागा नसली तर दारात वळकटीवर. बुद्धाच्या दारात तसंच जाईन. सारिकासंगं जाते मी. रेल्वेनं."

झालं. सारिका जिंकली होती.

तिनं चहाचं आधण ठेवलं आणि त्या जिंकण्याची चव घेत उभी राहिली. तेवढ्यात मनाली आत आली. ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, आणि सारिकानं तो उतरलेला चेहरा, खोटं कशाला सांगा, नीट निरखून पाहिला.

"तिकडं पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी वादळ आलं होतं," मनाली एकदम म्हणाली. "फोटो नंतरचा, त्यात दिसत नाही ते. तंबू उडाला. धम्मा दोरी बांधायचा, ती सुटायची. छकुली रडायला लागली. मला काय सुचलं कोण जाणे, मी आईंना फोन लावला. माझ्या आईला नाही, ह्यांना. त्यांनी न घाबरता गाठ शिकवली, आणि मग मला म्हणाल्या, सारिका इथं असती तर तिनं डोळे मिटून बांधली असती."

"असं म्हटलं मामीनं?"

"म्हणजे काय! नेहमीच म्हणतात. सारिका असं करते, सारिका तसं करते. मी फोन ठेवला की चिडचिड होते माझी." ती कसनुसं हसली. "तुमचं बरं आहे ताई. तुम्हाला त्या रोज मिळतात. मला गाठसुद्धा फोनवर शिकावी लागते. म्हणून विमानाचं म्हटलं. वाटलं, चार दिवस तरी त्या माझ्या एकटीच्या असतील."

सारिकाच्या मनात पहिली गोष्ट आली ती दया नव्हे. ही आपल्यावर जळते! चहा उकळून वर येईपर्यंत ती या एकाच विचारात ऊब घेत उभी होती. इतक्या वर्षांत तिला मनालीनं आणलेली कुठलीच भेट इतकी आवडली नव्हती. चहा उतू जायला आला तेव्हा मनालीनंच पटकन गॅस बंद केला.

"आम्हाला येऊ द्याल?" तिनं विचारलं. "तुमच्यासारखं. रेल्वेनं."

"गाडी इथंच राह्यल."

"राहू दे."

"ज्याचं ओझं त्यानंच उचला लागते. छकुलीचंबी तूच उचलशील."

"उचलीन."

"वळकटी बांधता येते?"

मनाली म्हणाली, "येते की!" तिचा आवाज थोडा चढलाच.

पडवीत सगळे बसले होते. सारिकानं सतरंजी टाकली, मनालीनं ती गुंडाळली, दोरी घेतली आणि भराभर गाठ मारली. शेपटी डावीकडे. सारिकानं सवयीनं उजवीकडचं टोक ओढलं. गाठ सुटायची ती आणखीच आवळली. पुन्हा ओढलं, आणखी आवळली.

आली वेळ. गोटी खिशातून बाहेर काढायची तर आत्ताच. अश्वजित होता, धम्मरत्न होता, पोरं होती, आणि मुख्य म्हणजे मामी होत्या. नुसतं 'पाहा मामी, तुमच्या हुशार पोरीची गाठ' एवढं म्हणायचं होतं. सारिकानं तोंड उघडलंसुद्धा.

पण तिचं लक्ष मनालीच्या बोटांकडं गेलं. ती बोटं घाईघाईनं त्या आवळलेल्या गाठीशी झटत होती, अंगठ्याचं नख दुमडलं होतं. आणि सारिकाला एकदम दिसलं: वाऱ्यात उभी असलेली मनाली, हातात दोरी, समोर फोन आणि फोनमध्ये मामी. समोरासमोर. मामींचा उजवा हात तिच्या डाव्या हातासमोर. तिनं चूक केलीच नव्हती. जसं दिसलं तसं तिनं अगदी बरोबर केलं होतं.

"तू मामीच्या समोर बसून शिकली," सारिका हळू आवाजात म्हणाली. "म्हणून उलटी बसते."

"फोन समोरच धरतात ना, ताई."

"हाव. फोनचं तसंच हाय." सारिकानं सतरंजीच्या एका कडेला सरकून जागा केली. "इकडं ये. समोर नको. बाजूले बस."

मनाली तिच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. दोघींनी एकाच बाजूनं दोरी धरली. वरून, खालून, एक वेढा, मग शेपटी. केसरबाई भिंतीला टेकून पाहत होत्या.

मनालीनं शेपटी उजवीकडे सोडली, ओढली, आणि गाठ एका झटक्यात सुटली. पहिल्याच खेपेत.

सारिकाला आपला तो आठवडा आठवला.

"बरं जमलं," ती उठत म्हणाली. "आता उद्या झेंडावंदन झालं की एसटी स्टँडवर ये. वळकटी घेऊन. गीताबाईच्या चौकातून चालत घरी या लागते."

"एवढंच ना?" मनाली म्हणाली.

"एवढंच," सारिका म्हणाली आणि आत जाऊन मनालीच्या वळकटीत घालायला फळीवरचा कुकर काढावा की काय, असा क्षणभर विचार करत उभी राहिली. मग तिनं तो होता तिथंच राहू दिला.